उकिरड्याची दैना : इंदूरचा ढीग आणि खानदेशची हिरवळ

उकिरड्याची दैना बारा वर्षांनीदेखील फिटते, असे आपल्याकडील जुनी माणसे म्हणत आली. म्हण उच्चारणाऱ्याच्या मनात माणसाच्या नशिबाचा विचार असतो. उकिरडा बिचारा दृष्टान्तापुरता. परंतु उकिरड्याची दैना खरोखरीच फिटली, आणि तीही बारा वर्षांनी नव्हे तर अवघ्या नव्वद दिवसांत. सातपुड्याच्या पलीकडे, धुळ्यापासून मुंबई-आग्रा रस्त्याने सुमारे अडीचशे किलोमीटरांवर असलेल्या इंदुरात हे घडले. ही हकीकत खानदेशात मात्र फारशी सांगितली जात नाही. जळगाव-धुळ्याच्या वसाहतींत, धर्मग्रामांच्या आवारांत, शाळांच्या प्रांगणांत कोठे कोठे हौसेने हिरवळ राखलेली दिसते. तिच्यासाठी स्वयंपाकघरातील साली-देठांचे खत करावे असे सांगणारी चित्रमय पुस्तके परदेशांतून येतात, आणि ती चाळताना ही विद्या तिकडचीच असावी असा समज सहज होतो. या समजाची थोडी उलटतपासणी करावी, असे आम्हांस वाटते.

प्रथम आपला उकिरडा पाहू. खानदेशातील शेतकऱ्याच्या घरी गोठ्यातले शेण, गव्हाणीत उरलेला चारा, चुलीतली राख, निवडलेल्या भाजीची देठे, झाडलोटीचा केर हे सारे एका ठिकाणी जमा होई. वर्षभर घरातील बाई रोज पाटी डोक्यावर घेऊन ते तेथे नेऊन टाकी. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, सालदाराचे नवे वर्ष सुरू होते. त्या सुमारास बैलगाड्या उकिरड्याला लागत आणि खत शेतात पडे. याखेरीज धनगरांच्या मेंढ्या रात्री शेतात बसवून त्यांच्या लेंड्या-मुताचे खत घेण्याची चाल होती, व तिच्यासाठी शेतकरी धनगरास धान्य किंवा पैसा देई. खत म्हणजे धन हे कोणा साहेबाने येऊन शिकवावे, अशी आमच्या कुणब्याची स्थिती नव्हती.

उणीव होती ती दुसरीकडे. सरपणाला लाकूड नाही, म्हणून शेणाच्या गोवऱ्या थापल्या जात आणि जमिनीचा घास चुलीत जाई. इंग्लंडहून पाठविलेले कृषिरसायनज्ञ जॉन ऑगस्टस व्होएल्कर यांनी हिंदुस्थानभर हिंडून १८९३ साली आपला अहवाल प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी येथील शेतकऱ्याला अडाणी ठरविण्याचे साफ नाकारले. तो शेण जाळतो ते सरपणाच्या टंचाईमुळे, खताची किंमत कळत नाही म्हणून नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. सरपणासाठी झाडे लावा, शेण आपोआप शेताकडे वळेल, हा त्यांचा उपाय सरळ होता. तो फार थोडा अमलात आला. उकिरड्याचा दुसरा दोष त्याच्या उघडेपणात होता. वैशाखातले ऊन आणि आषाढातला पाऊस दोन्ही त्याच्या डोक्यावर. उन्हाने नत्र उडून जाई, पावसाने उरलेला कस वाहून जाई, आणि गोमूत्र तर गोठ्याच्या मातीतच जिरे. वर्षाच्या शेवटी गाडीत भरले जाई त्यातला निम्मा भाग अर्धवट कुजलेला असे.

येथे कापसाचा संबंध येतो. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि खानदेशच्या काळ्या जमिनीवर सरकारची नजर स्थिरावली. १९०६ साली खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. त्यांचेच पुढे जळगाव आणि धुळे जिल्हे झाले. कापूस दोन्हींकडे होताच. याच कापसाच्या संशोधनासाठी हिंदुस्थानच्या मध्यवर्ती कापूस समितीच्या आणि मध्य भारतातील संस्थानांच्या साहाय्याने १९२४ साली इंदुरात वनस्पतिउद्योग संस्था निघाली. जमीन होळकर दरबाराने दिली. संस्थेचे प्रमुख झाले अल्बर्ट हॉवर्ड. ते १९०५ पासून बिहारातील पुसा येथे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ होते. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल याही त्याच शास्त्रातील विदुषी असून पतीच्या कामात बरोबरीच्या वाटेकरी होत्या.

हॉवर्डांनी कापसाचे निव्वळ वाण शोधीत बसण्याचे नाकारले. जमिनीत जीव नसेल तर वाण काय करील, हा त्यांचा प्रश्न. मग त्यांनी शेतावरच्या टाकाऊ वस्तूंकडे लक्ष वळविले. चीन, जपान आणि कोरियातील शेतकरी हजारो वर्षे तीच जमीन कसूनही तिचा कस कसा टिकवितात, याचे वर्णन अमेरिकन मृदाशास्त्रज्ञ एफ. एच. किंग यांनी १९११ च्या आपल्या पुस्तकात केले होते. हॉवर्डांनी त्याचे ऋण उघडपणे मानले. आपल्या भोवतालच्या हिंदी शेतकऱ्याला तर ते आपला गुरूच म्हणत. नव्हते ते मोजमाप. कोणता पदार्थ किती, पाणी किती, हवा किती, कितव्या दिवशी काय, हे ठरविण्याचे काम इंदुरात झाले. त्यात हॉवर्डांच्या खांद्याला खांदा लावून उभे होते यशवंत वाड, संस्थेच्या रसायन शाखेतील सहकारी. १९३१ साली ऑक्सफर्ड विद्यापीठ मुद्रणालयाने शेतीतील टाकाऊ पदार्थ आणि त्यांचे ह्यूमस यांवरचे पुस्तक छापले. त्याच्या मुखपृष्ठावर हॉवर्ड आणि वाड अशी दोन नावे आहेत. त्याच वर्षी हॉवर्ड मायदेशी परतले, पुढे १९३४ मध्ये ‘सर’ झाले, आणि जगाने ‘इंदूर पद्धती’ त्यांच्या एकट्याच्या नावावर लिहून टाकली. सेंद्रिय शेतीच्या इतिहासावरच्या लिखाणात वाड हे आडनाव शोधूनच काढावे लागते. आपल्या मराठी नियतकालिकांनी तरी ते विसरू नये.

पद्धत थोडक्यात अशी. उथळ, लांबरुंद खड्ड्यात पालापाचोळा, तण, काडीकचरा यांचे थर घालावयाचे. प्रत्येक थरावर शेण, गोमूत्राने भिजलेली गोठ्यातील माती आणि थोडी राख यांचा काला शिंपडावयाचा. ढीग ओला असावा, पण चिंब नसावा. तीन महिन्यांत तीनदा तो उलथापालथा करावयाचा, म्हणजे आत हवा खेळते. पहिल्या काही दिवसांतच ढीग आतून असा तापतो की हात घालवत नाही. त्या उष्णतेत तणाचे बी आणि माश्यांची अंडी मरतात. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते, म्हणून त्या दिवसांत जमिनीवर ढीग रचावयाचा. खानदेशच्या वाचकाला एक तपशील विशेष आवडेल. कापसाच्या पऱ्हाट्या आणि तुराट्या टणक असल्याने लवकर कुजत नाहीत. तेव्हा त्या शेतावरच्या रस्त्यावर पसरून ठेवीत. जाणाऱ्या-येणाऱ्या बैलगाड्यांची चाके आणि बैलांचे खूर त्यांचा चुरा करीत. यंत्र नाही, खर्च नाही. ही युक्ती प्रयोगशाळेत बसून सुचणारी नव्हे.

इंदूरची ही विद्या पुढे कोठे कोठे गेली ते पाहिले म्हणजे मौज वाटते. ती आधी दूरदूरच्या मळ्यांवर गेली. १९४० साली हॉवर्डांनी आपले शेतीविषयक विचार एका ग्रंथात एकत्र केले. तो वाचून अमेरिकेतील जे. आय. रोडेल यांनी १९४२ मध्ये सेंद्रिय शेती आणि बागकामाचे मासिक काढले. इंग्लंडात लेडी ईव्ह बालफोर यांचे पुस्तक १९४३ मध्ये आले आणि १९४६ मध्ये तेथे मृदा संघटना स्थापन झाली. या लेखनातून ढिगाची कल्पना शेतावरून घराच्या परसात उतरली. तेथील घरापुढे हिरवळ असावयाचीच; तिच्या कापलेल्या गवताला आणि स्वयंपाकघरातील उरल्यासुरल्याला एकत्र कुजविणारी पेटी मागच्या कोपऱ्यात आली. म्हणजे परदेशी पुस्तकात दिसणारी ती लाकडी पेटी नात्याने इंदूरच्या खड्ड्याची नात लागते. ती आपल्याकडे परत येते ती गुळगुळीत कागदावर, आणि आपण तिला पाहुणी समजतो.

खानदेशाकडे ही विद्या दुसऱ्या वाटेने येऊ पाहत होती. १९३५ च्या एप्रिलमध्ये महात्मा गांधी हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदुरास आले असता ही संस्था पाहून गेले, आणि त्याच वर्षी ‘हरिजन’ मधून त्यांनी कंपोस्ट खताचा विषय वाचकांपुढे मांडला. पुढच्याच वर्षी, १९३६ च्या डिसेंबरात, काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन पूर्व खानदेशातील फैजपूर येथे झाले. अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू, मंडपाची सजावट नंदलाल बोस यांची, आणि खादी-ग्रामोद्योग प्रदर्शनाचे उद्घाटन गांधीजींच्या हस्ते २५ डिसेंबरला, ऐन नाताळच्या दिवशी. खेड्याची स्वच्छता आणि खेड्याचे खत हे गांधीजींच्या लेखी एकाच कामाचे दोन हात होते. घाण म्हणजे चुकीच्या जागी पडलेली संपत्ती, हा विचार ते निरनिराळ्या शब्दांत सांगत. परंतु त्या विचाराच्या आड आपल्या समाजाची एक जुनी भिंत उभी होती. उकिरड्याला, केराला, मैल्याला हात लावणे हे ठरावीक जातींच्या माथी मारलेले काम. ज्याला स्पर्श करणे कमीपणाचे, त्यात शास्त्र आहे हे कोणाला पटावे? इंदूर पद्धती आपल्याकडे कागदावर पोहोचली आणि हातांत पोहोचली नाही, याचे मोठे कारण येथे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांसारख्यांनी मैल्याच्या सोनखताचे काम स्वतःच्या हातांनी करून ही भिंत पाडू पाहिली. तसे हात सर्वत्र थोडे.

शहरांसाठी वेगळी पद्धत बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. एन. आचार्य यांनी १९३९ च्या सुमारास बसविली. तीत चरात कचरा आणि मैला यांचे थर घालून तो मातीने लिंपून टाकतात आणि उलथापालथीशिवाय काही महिने मुरू देतात. चाळिशीच्या दशकात धान्यटंचाई आली, ‘अधिक धान्य पिकवा’ मोहीम सुरू झाली, आणि देशातील नगरपालिकांना अशा खताचा आग्रह होऊ लागला. मग १९५१ साली सिंद्रीचा खतकारखाना सुरू झाला. साठीनंतर संकरित बियाणे आले, त्याच्या मागोमाग युरियाची गोणी आली. गोणी उचलून शिवारात नेणे एका माणसाचे काम. उकिरडा उपसणे आठ दिवसांचे. ट्रॅक्टरने बैल कमी केले, गॅसच्या शेगडीने राख नाहीशी केली, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीने उरलेला उकिरडा नासविला. जुन्या उकिरड्यात पडणारी प्रत्येक वस्तू कुजणारी होती. आता भेंडीची देठे पिशवीत बांधून फेकली जातात आणि पिशवीत ती सडतात, कुजत नाहीत. कुजणे आणि सडणे यांतला हा भेद हवेचा आहे.

कचरा वेगळा ठेवण्याची सक्ती कायद्याने आली. २००० सालच्या नियमांत ती होती, २०१६ च्या नियमांत अधिक स्पष्ट झाली. जळगाव आणि धुळे या दोन्ही शहरांत २००३ साली महानगरपालिका आल्या. नियम झाले तरी वेगळेपणा गाडीत होत नाही, तो ओट्यापाशी व्हावा लागतो. पांझरेच्या खोऱ्यातील गावांनी फड पद्धतीने पाण्याची वाटणी शतकानुशतके चालविली, पाटकरी नेमले, पाळ्या पाळल्या. पाण्याबाबत जी शिस्त आपल्या पूर्वजांना जमली ती कचऱ्याबाबत आपणांस जमू नये, याचे नवल वाटते.

महाराष्ट्राने स्वतःही या विद्येत भर घातली आहे. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे, ज्यांना लोक नाडेपकाका म्हणत, यांनी भिंतींना भोके ठेवलेल्या विटांच्या टाक्याची पद्धत बसविली. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच अशा टाक्यात सुमारे शंभर किलो शेण, दीड हजार किलो काडीकचरा आणि त्याहून थोडी अधिक माती घातली की तीन-चार महिन्यांत तीन टनांच्या आसपास खत मिळते. भोकांतून हवा जाते, त्यामुळे उलथापालथीचे कष्ट वाचतात. शेण थोडे आणि खत पुष्कळ, हे त्याचे मर्म. गोवऱ्यांच्या जुन्या दुखण्यावर हेच औषध होते. कोल्हापूरच्या श्रीपाद दाभोळकरांनी प्रयोग परिवारातून शहरातल्या गच्चीपर्यंत हा विचार नेला.

आता हिरवळीकडे वळतो. खानदेशात हिरवळ राखावी काय, हा प्रश्न आधी विचारलाच पाहिजे. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो. पाऊस जळगावास सरासरी सातशे मिलिमीटरांच्या आसपास, धुळ्यास त्याहूनही कमी. अशा मुलखात परदेशी गवताचे गालिचे पिण्याच्या पाण्यावर पोसणे आम्हांस शोभत नाही असे वाटते. मात्र आपली हरळी तशी नव्हे. उन्हाळ्यात ती पिवळी पडून झोपी जाते आणि पहिल्या सरीबरोबर उठते. लहानसा तुकडा, हरळीचा, सांडपाण्यावर आणि घरच्या खतावर जगणारा, एवढी हौस करावयास हरकत नाही.

पाच माणसांच्या घरात किलोभर ओला कचरा रोज निघतो. भरताच्या वांग्यांच्या साली, केळीच्या साली, मेथीचे देठ, कांद्याची टरफले, चहाचा चोथा. वर्षाकाठी हे साडेतीनशे किलो, आणि कुजून त्याचे साधारण शंभर किलो खत. त्यात नत्र किलोभर असेल. तेवढे नत्र सव्वादोन किलो युरियात मिळते. मग हा खटाटोप कशासाठी? उत्तर काळ्या जमिनीतच आहे. ती ओली असता चिकट, वाळली की भेगाळते, आणि आपल्या उन्हात तिच्यातला सेंद्रिय अंश झपाट्याने जळून जातो. युरिया गवताला खाऊ घालतो. ह्यूमस जमिनीला मोकळी करतो, तिच्यात पाणी धरून ठेवतो. पाणी कमी असलेल्या जिल्ह्यात हा दुसरा गुण अधिक मोलाचा. म्हणूनच एकदा घालून भागत नाही, दरवर्षी घालावे लागते.

कच्च्या साली हिरवळीवर पसरू नयेत. त्यांनी मुंग्या-माश्या येतात. कडुनिंबाच्या सावलीत तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल खड्डा पुरे. ओल्या कचऱ्याच्या एका पाटीवर सुक्या पाल्याच्या दोन-तीन पाट्या हे प्रमाण ठेवावे. साली-देठांत आणि कापलेल्या गवतात नत्र जास्त, सुक्या पाल्यात कर्ब जास्त. दोहोंचा मेळ बसला तरच ढीग तापतो. दर थरावर मूठभर जुने खत किंवा शेणकाला. दुर्गंधी आली तर पाला कमी पडला समजावे, ढीग थंड आणि कोरडा राहिला तर पाणी. हाडे, मासळीचे काटे, तेलाचा तवंग असलेली शेवभाजी, लोणचे यांना येथे प्रवेश नाही. हाडांपायी कुत्री-घुशी येतात, आणि मीठ हिरवळीचा वैरी. नाताळच्या जेवणावळीनंतर ही काळजी जास्त घ्यावी. अंड्याची टरफले घालावीत असे परदेशी पुस्तके आवर्जून सांगतात. आपल्या काळ्या जमिनीत चुन्याची वाण नाही. ती घातली नाहीत तरी काही बिघडत नाही. राखही चिमूटभरच, कारण जमीन मुळातच अल्कधर्मी आहे. पुस्तक ज्या मातीत लिहिले गेले ती माती कोणती, हे पाहूनच त्याचे ऐकावे.

लूककृत शुभवर्तमानातील अंजिराच्या दृष्टान्तात माळी झाडाच्या मुळाशी खणून खत घालण्यासाठी एका वर्षाची मुदत मागतो. इंदूरच्या हिशेबाने तीन महिन्यांतच भागते. नाताळानंतर भरलेला खड्डा, पंधरा दिवसांनी, महिन्याने आणि दोन महिन्यांनी असा तीनदा उलटला की पास्काच्या सणाच्या आसपास तयार होतो. खत काळसर, भुसभुशीत, आणि पहिल्या पावसातल्या मातीसारख्या वासाचे व्हावयास हवे. ते गोणपाटाखाली सावलीत झाकून ठेवावे. मे अखेर हरळी आखूड कापून, जमीन काट्याने टोचून, चाळलेले खत अर्धा सेंटिमीटर जाडीने पसरावे. शंभर किलोत तीनशे चौरस फूट सहज होते. गवताची पाती वर दिसत राहिली पाहिजेत, म्हणून केरसुणीने हलकेच झाडून ते मुळांपर्यंत उतरवावे आणि मृगाच्या सरीची वाट पाहावी. चाळणीवर उरलेला जाडाभरडा चोथा टाकू नये. पुढच्या खड्ड्याच्या तळाशी त्याचा पहिला थर घालावा, विरजण म्हणून.